दवाखान्यातलं शेवाळ

दाताच्या डॉक्टरांचा स्वभाव वाईट नव्हता. पण तोंड उघडं असलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, या सोयीचा त्यांनी पंचवीस वर्षं पुरेपूर फायदा उठवला होता. पेशंट खुर्चीत आडवा झाला, तोंडात आरसा गेला, की यांची उलटतपासणी सुरू.

"दिवसातून किती वेळा घासता?"

"ओओआ."

"दोनदा? हे दोनदा घासलेले दात? मग माझी डिग्रीच परत करतो मी. अहो, मागच्या दाढांवर अख्खी बाग फुलवलीय तुम्ही!"

पेशंट बिचारा डोळ्यांनीच माफी मागायचा.

बाहेर ताई बसायची. ताई म्हणजे डॉक्टरांची सख्खी मोठी बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ती भावाच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा बघायला आली, आणि महिन्याभरात अख्खा दवाखानाच बघायला लागली. डॉक्टर सहा फूट उंच, पन्नाशी ओलांडलेले, कानापाशी पांढरे झालेले. तरी तिच्या तोंडी ते 'छोट्या'च. "जरा थांबा हं, छोट्याच्या हातात कुणाची तरी दाढ आहे," असं ती फोनवर बिनदिक्कत सांगायची.

बसायच्या खोलीत सात खुर्च्या, ताईचं टेबल आणि समोरच्या भिंतीला तीन फुटी काचेची टाकी होती. ही टाकी म्हणजे डॉक्टरांचा जीव की प्राण. प्लास्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा खोटा खजिना असली टाकी नव्हे. आत खरी झाडं होती. तळाला काळी माती, मधोमध एक वाकडं लाकूड, त्या लाकडावर दोऱ्यानं बांधून वाढवलेलं मखमली मॉस, मागे उंच बारीक पानांची रांग, आणि त्यातून वीस-बावीस इवले मासे एकाच वेळी वळायचे. निळी रेघ, लाल शेपूट. आतून ड्रिलचा आवाज आला की खुर्च्यांवरची मंडळी टाकीकडे तोंड करून बसायची आणि तेवढा वेळ आपल्याला दात आहेत हेच विसरायची.

डॉक्टर पेशंटला बाहेर सोडायला यायचे ते याच टाकीपाशी. "चार वर्षं झाली. काचेवर एक डाग दाखवा मला. याला म्हणतात निगा! टाकी काय, दात काय, नियम एकच."

मग त्यांनी नवा दिवा आणला.

जुना दिवा चांगला चालला होता. पण नव्या दिव्याच्या उजेडात माशांचा निळा रंग असा काही पेटायचा की पहिल्या दिवशी तीन पेशंट आपली वेळ झाली तरी उठेनात. डॉक्टर खूश झाले. इतका सुंदर दिवा, तर जरा जास्त वेळ लावू. जास्त वेळ लावला तर झाडं थोडी फिकी दिसायला लागली. फिकी दिसतात म्हणजे अशक्तपणा, म्हणून त्यांनी झाडांच्या टॉनिकचं बूच एकाच्या ऐवजी दोनदा भरून ओतायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी काचेवर हिरवी झाक आली. डॉक्टरांनी ती हसत हसत पुसली. चार दिवसांनी पुन्हा आली. पुन्हा पुसली. मग पानांच्या कडेला केस उगवले, हिरवे, लांब, पाण्यात डोलणारे. लाकडाच्या टोकाला तर काळ्या दाढीचे झुबके आले.

"शेवाळ," ताई चष्मा वर करून म्हणाली.

"किरकोळ आहे," डॉक्टर म्हणाले.

"आणि ते लाकडावर तू दोऱ्यानं बांधलंयस ते काय?"

"ते मॉस."

"म्हणजे शेवाळच ना? एक शेवाळ दुकानातून आणून बांधायचं, आणि दुसरं फुकट आलं तर त्याच्या नावानं बोटं मोडायची. कमाल आहे तुझी छोट्या."

डॉक्टरांनी हत्यार उपसलं. दातावरचा कीट काढायचं बारीक आकडीचं अवजार घेऊन ते सकाळी पेशंट यायच्या आत काच खरवडायला लागले. मग मऊ ब्रश आणून एकेक पान बोटावर धरून घासायला लागले. एके दिवशी यात ते इतके रमले की दहाच्या वेळेचा पेशंट, एक बसचालक, मागे येऊन उभा राहिला तरी त्यांना कळलं नाही. तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग अगदी अदबीनं म्हणाला, "डॉक्टर, आडवं नका घासू. हलक्या हातानं गोल गोल. तुम्हीच सांगितलं होतंत."

खुर्च्यांवर खसखस पिकली. त्या दिवशी बसचालकाची दाढ डॉक्टरांनी एक शब्दही न बोलता भरली.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. पंचवीस वर्षं मान खाली घालून बोलणी खाल्लेल्या लोकांना आयतं कोलीत मिळालं. जो येई तो टाकीपाशी थांबे, वाकून बघे आणि च्च च्च करी. "दुर्लक्ष झालंय," एक आजोबा म्हणाले. "वेळेवर दाखवायला हवं होतं." एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "दिवसातून किती वेळा साफ करता?" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "दोनदा." बाईंनी मान हलवली. विश्वास ठेवला नाही, हे स्पष्ट दिसत होतं.

डॉक्टर माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं काचेला तोंड चिकटवून बसणारा एक मासा दिला. "हा सगळं चाटूनपुसून टाकेल साहेब." त्या माशानं दोन दिवस शेवाळाची चव पाहिली. तिसऱ्या दिवशी वरून पडणाऱ्या दाण्यांची त्याला गोडी लागली, आणि त्यानंतर शेवाळाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. महिन्याभरात तो अंगठ्याएवढा होता तो केळ्याएवढा झाला आणि शेपटीच्या एका फटक्यात झाडं मुळासकट उपटायला लागला. तो दुकानदाराला परत दिला, त्याच्या बदली दोन गोगलगायी आणल्या. दोनाच्या चाळीस झाल्या. एकदा एक गोगलगाय टाकीतून निघून भिंतीवरून उतरून ताईच्या वेळांच्या वहीवर आली आणि मंगळवारवरून बुधवारकडे निघाली. ताईनं तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि भावाला हाक मारली. "हिची वेळ कितीची लावू?"

मग कुणीतरी सांगितलं, तीन दिवस पूर्ण अंधार करा. डॉक्टरांनी टाकीवर काळं कापड घातलं. आता खोलीत शिरणाऱ्या माणसाला समोर भिंतीला लागून एक लांबट, काळ्या कापडानं झाकलेली वस्तू दिसायची आणि शेजारी गंभीर चेहऱ्याची ताई. एक आजीबाई दारातच थबकल्या, पदर सावरला, हात जोडले आणि हलक्या आवाजात ताईला विचारलं, "कधी झालं?"

"काल दुपारपासून," ताई म्हणाली. "उद्या काढायचंय."

आजीबाई दात न दाखवताच परत गेल्या.

तीन दिवसांनी कापड काढलं तेव्हा टाकी खरंच बरीच साफ झाली होती. डॉक्टरांनी दिवसभर शीळ घातली. दोन आठवड्यांत सगळं होतं तस्सं परत आलं, शिवाय येताना नातेवाईकही घेऊन आलं.

अशा वेळी पाणीवाल्या बाई आल्या.

खरं तर त्या आधीही तीनदा आल्या होत्या. शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पाणी तपासून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, ताठ, खणखणीत आवाजाच्या. डाव्या बाजूची दाढ आतून किडलेली. तिन्ही वेळा आतून ड्रिलचा आवाज आला आणि बाईंना गॅस बंद केला नसल्याचं आठवलं. चौथ्या वेळी गाल सुजून लिंबाएवढा झाला होता, तरीही नजर दाराकडेच. दाराकडे बघता बघता ती टाकीवर पडली आणि तिथंच थांबली.

"या पाण्याला अजीर्ण झालंय," त्या गालाला हात लावून म्हणाल्या.

ताईनं मान वर केली. बाईंनी पिशवीतून एक छोटी काचेची नळी काढली. निवृत्त झाल्या तरी नळ्या आणि औषधाच्या बाटल्या त्या बरोबर बाळगायच्या. कुणाच्या घरी गेल्या तरी पिण्याआधी पाणी तपासून बघायच्या, त्यामुळे फार कुणी बोलवत नसत. टाकीचं पाणी नळीत घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, हलवलं, घड्याळ बघितलं. पाच मिनिटांत पाणी डाळिंबासारखं लालभडक झालं.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "पाण्यात खरकटं जितकं जास्त, तितका रंग लाल. इतका लाल मी नोकरीत एकदाच पाहिला होता. तेव्हा आम्ही ती विहीर बंद केली होती."

डॉक्टर पेशंटला सोडायला बाहेर आले ते नेमके तेव्हाच. पाच मिनिटांत सौदा ठरला. खरं म्हणजे तो ताईनं ठरवला, दोघांना बोलूच न देता. बाई टाकी बघणार, डॉक्टर दाढ बघणार. डॉक्टरांनी आधी सूज उतरायच्या गोळ्या लिहून दिल्या. "एक आठवड्यानं दाढ उघडायची. आता पळायचं नाही."

"मी कशाला पळू?" बाई म्हणाल्या. "आता तुम्ही बसा."

"कुठं?"

"खुर्चीत. मी विचारते त्याची उत्तरं द्या."

डॉक्टर पेशंटांच्या रांगेत, एका रिकाम्या खुर्चीत बसले. समोर बाई उभ्या. इतर चार पेशंट कान टवकारून बसले.

"दिवा किती तास?"

"आठ."

"खरं सांगा."

"दहा असेल."

"सकाळी कोण लावतं?"

"सफाईच्या मावशी. साडेसहाला."

"बंद कोण करतं?"

"मी. साडेआठला," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच बोटं मोजायला लागले. चौदा भरले. खुर्च्यांवरून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"पाणी किती दिवसांनी बदलता?"

"दर आठवड्याला."

बाई नुसत्या बघत राहिल्या. एकतीस वर्षं नगरसेवकांपासून टँकरवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या थापा त्यांनी ऐकल्या होत्या.

"महिन्यातून एकदा," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, गेला महिना जरा धावपळीचा गेला."

"खाणं?"

"सकाळी चिमूटभर. एवढंच. शपथेवर सांगतो."

"हे मात्र खरं असेल," बाई म्हणाल्या. "पण मग चाळीस गोगलगायी काय हवा खाऊन वाढल्या? पाणी कुठंतरी मुरतंय. ताई, उद्या एक दिवस नुसतं लिहून काढा. कोण, केव्हा, किती. कुणाला कळू न देता."

दुसऱ्या दिवशी ताईनं वहीचं मागचं पान उघडलं आणि टेलिफोन खात्यात शिकलेल्या चिकाटीनं नोंद ठेवली. संध्याकाळी तिनं ती भावाला वाचून दाखवली. "साडेसहा, मावशी: लादी पुसून झाल्यावर एक चिमूट, 'खा रे बाळांनो' असं म्हणून. नऊ, तू. साडेदहा, एक पेशंट, बिस्किटाचा चुरा. सव्वाअकरा, त्याच पेशंटची नात, उरलेलं बिस्किट. बारा, तू पुन्हा."

"मी? बाराला?"

"दाढ काढल्यावर खुशीत असतोस. येऊन टाकतोस. तुझं तुलाच कळत नाही. चार वाजता तुझी बायको, शाळेतून येताना. म्हणाली, 'ह्यांना सांगू नका, हे बिचाऱ्यांना उपाशीच ठेवतात.' पाच, बसचालक."

"तो कशाला आला होता? त्याची दाढ भरून झालीय!"

"मासे बघायला. सहा, पुन्हा तू." ताईनं वही मिटली. मग पुन्हा उघडली. "आणि अकरा आणि तीनला मी."

"ताई!"

"माझ्याकडे बघतात रे ते! सगळे एकदम काचेपाशी येऊन तोंड उघडतात. दिवसभर तोंड उघडलेली माणसं बघतोस तू, तुला काय वाटणार?"

बाईंचा उपाय साधा होता, म्हणूनच अवघड होता. दिव्याला टायमर, सहा तास. खाण्याचा डबा ताईच्या पर्समध्ये, दिवसाआड एक चिमूट. टॉनिक अर्धं. दर शनिवारी निम्मं पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा. झपाट्यानं वाढणारी झाडं जास्त लावायची, म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास ती पळवतील. शेवाळानं भरलेली पानं कापून टाकायची. "आणि शेवटचं औषध सगळ्यात कडू," त्या म्हणाल्या. "बाकी काही करायचं नाही. खरवडायचं नाही, नवीन काही आणायचं नाही, कशात काही ओतायचं नाही. सहा आठवडे."

"काहीच नाही?"

"हात खिशात. तुम्ही एक आठवडा पाळलंत की मी एकदा खुर्चीत बसणार. मोडलंत, तर मी घरी."

पहिला आठवडा डॉक्टरांनी दातओठ खाऊन काढला. टाकीपाशी जायचे, दोन्ही हात मागे बांधायचे, वाकायचे, सुस्कारा टाकायचे, परत यायचे. ताईनं सांगितलं की ते आजारी नातेवाईकाला भेटायला आल्यासारखे दिसतात. मासे उपाशी मरतील म्हणून त्यांच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला. मासे मरणं तर दूरच, उलट ते पळापळी करायला लागले. इतके दिवस पोट जड झाल्यानं तरंगत होते. बाई आल्या, पाणी तपासलं, रंग जरा नारिंगीकडे झुकलेला. ठरल्याप्रमाणे खुर्चीत बसल्या, एक्स-रे काढू दिला आणि ड्रिलकडे नजर जाताच उठल्या. "आज एवढंच ठरलं होतं."

दुसऱ्या आठवड्यात शेवाळ वाढलं. नवीन झाडं अजून रुजली नव्हती आणि लाकडावरची काळी दाढी बोटभर लांब झाली. गुरुवारी दुपारी ताई जेवायला घरी गेली. दवाखान्यात डॉक्टर एकटे होते, आणि कपाटात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती. हिरड्या धुवायला ती नेहमीच असते. कुठंतरी वाचलं होतं की दोन-चार थेंब शेवाळावर सोडले की ते मरतं. डॉक्टरांनी सिरिंज भरली. दोन-चार थेंब सोडले. बुडबुडे आले. छान वाटलं. आणखी थोडं सोडलं. मग सिरिंज पुन्हा भरली. अति तेथे माती हे त्यांनी हजार पेशंटांना सांगितलेलं वाक्य होतं.

शनिवारी बाई आल्या. त्या दिवशी दाढ उघडायची होती. चेहरा पांढराफटक, पिशवी छातीशी घट्ट धरलेली. खोलीत पाच पेशंट. बाई टाकीपाशी गेल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "गोगलगायी वर का बसल्यात?"

झाकणाच्या कडेला, पाण्याच्या वर, सगळ्या गोगलगायी पुरात घराच्या छपरावर बसलेल्या माणसांसारख्या ओळीनं बसल्या होत्या.

"हवा खायला," डॉक्टर दारातून म्हणाले.

"आणि हे मॉस पांढरं कशानं पडलं?"

"वय झालं असेल."

"डॉक्टर," बाई वळल्या. "काही ओतलंत?"

"नाही."

ताई भावाकडे बघत होती. हा चेहरा तिला चांगला ओळखीचा होता. सहाव्या वर्षी साखरेचा डबा पालथा केला तेव्हाही हाच होता. "छोट्या," ती म्हणाली, एवढंच.

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. पाच पेशंट बघत होते. प्रत्येकाला त्यांनी याच दारात कधी ना कधी खडसावून विचारलं होतं. "पेरॉक्साइड," ते म्हणाले. "गुरुवारी. एक सिरिंज." मग, "दोन." मग मान खाली घालून, "अडीच."

आता सगळ्यांना वाटलं, बाई कडाडणार. पण बाईंचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "म्हणजे शर्त मोडली!" त्या आनंदानं म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं. मी निघते." आणि पिशवी सावरून तरातरा दाराकडे निघाल्यासुद्धा.

डॉक्टर आडवे आले. रागवावं, दरडावावं, 'दाढ सडून जाईल' म्हणून घाबरवावं, ही सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. पंचवीस वर्षांची सवय. पण आत्ताच अडीच सिरिंजा कबूल केलेल्या माणसाला आवाज चढवणं जड जात होतं. ते वेगळंच काहीतरी बोलले.

"भीती वाटते का?"

बाई थांबल्या. "कसली भीती? एकतीस वर्षं मी..." आणि मग खाली टेकल्याच, जवळच्या खुर्चीत. "आवाजाची," त्या हळूच म्हणाल्या. "डोक्यात शिरतो तो. तुम्ही मोडणारच शर्त, याची खात्री होती मला. त्याच भरवशावर तर बसले होते." त्या ओशाळ्या हसल्या. "अख्ख्या शहराला एकतीस वर्षं तोंड धुवायला चांगलं पाणी दिलं. आणि स्वतःचं तोंड दाखवायची वेळ आली तर हे असं. खरं सांगू? मी दोनदा घासते म्हणून लिहून दिलंय तुमच्या फॉर्मवर. एकदाच घासते. कधी कधी तेही..."

"असू दे," डॉक्टर म्हणाले, आणि आपण हे म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं. ते शेजारच्या खुर्चीत बसले. "मलाही भीतीच वाटत होती. हात खिशात ठेवला की वाटतं, आता सगळं हिरवं होऊन जाणार आणि लोक म्हणणार, यांच्याच्यानं एक टाकी सांभाळवत नाही."

"ते तर लोक म्हणतच आहेत," ताई म्हणाली.

"ताई, तू जरा गप्प बस."

शेवटी नवा करार झाला. बाईंनी हात वर केला की डॉक्टर तत्क्षणी ड्रिल थांबवणार, कारण न विचारता. बाई आत गेल्या. बाहेरच्या पाचही पेशंटांनी टाकीकडे पाठ करून आतल्या दाराकडे तोंड केलं. भूल दिली. ड्रिल सुरू झालं. थांबलं. सुरू झालं. थांबलं. ताईनं मोजलं, एकोणीस वेळा थांबलं. पहिले चार-पाच हात भीतीचे होते. पण सहाव्या वेळी डॉक्टरांनी तोंडातलं सगळं सामान बाहेर काढल्यावर बाईंनी विचारलं, "रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा टायमर चालू असतो ना?" सातव्या वेळी त्या म्हणाल्या, "आज निम्मं पाणी बदला, उद्या पुन्हा निम्मं, पेरॉक्साइड निघून जाईल." आठव्या वेळी त्यांनी पाणीखात्यातल्या एका साहेबांची गोष्ट सांगितली, जे नमुन्याच्या बाटल्या नदीवर न जाता खात्याच्याच नळावर भरायचे. डॉक्टर इतके हसले की त्यांनाच थांबावं लागलं. पाऊण तासाच्या कामाला दीड तास लागला. बाहेरचे पाचही जण खोळंबले, पण उठून कुणी गेलं नाही.

दाढेतून घाण निघाली तशी सूजही पुरती उतरली. अजून दोन वेळा बाई आल्या, दाढ भरली, कॅप बसली. मॉस मेलं ते मेलंच. डॉक्टरांनी ते मुकाट्यानं सोडवून लाकूड उघडं ठेवलं. त्यानंतर त्यांनी खरोखर हात खिशात ठेवला. कसं जमलं म्हणाल, तर ताईनं कपाटाची किल्लीही पर्समध्ये टाकली होती. चौथ्या आठवड्यात नवीन झाडं पाण्याच्या वर डोकावायला लागली. पाचव्यात काचेवरचं हिरवं वाढायचं थांबलं. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी डॉक्टर आले, वाकले आणि तसेच राहिले. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. मासे निळी रेघ ओढत एकदम वळले. मागच्या काचेच्या कोपऱ्यात हिरवा पट्टा होता अजून, हाताएवढा. डॉक्टरांचा हात खिशातून निघाला.

"राहू दे ते," ताई म्हणाली. "गोगलगायींनी खायचं काय?"

हात परत खिशात गेला.

दाढ बरी झाली, टाकी बरी झाली, तरी बाई दर शनिवारी येत राहिल्या. पाणी बदलायच्या वेळी त्या आणि ताई बादल्या घेऊन मोठमोठ्यानं सूचना करायच्या आणि डॉक्टर पाइप धरून उभे राहायचे. एका शनिवारी वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नर्सबाई जिना उतरून आल्या. त्यांच्याकडेही टाकी होती. दाराशी घुटमळल्या.

"आमच्या साहेबांनी विचारलंय, तुमच्या त्या बाई जरा वर येतील का? आमचं पाणी पिवळं पडलंय. साहेब म्हणतात, दिवा फक्त आठ तास असतो."

बाईंनी बादली खाली ठेवली, पिशवीतली नळी बाहेर काढली आणि चष्म्याच्या काचा पदरानं पुसल्या. मग विचारात पडल्यासारखा चेहरा केला.

"येईन की," त्या म्हणाल्या. "गेलं वर्षभर मला डाव्या डोळ्यानं धूसर दिसतंय. पण तुमच्या साहेबांना आधी सांगा, त्या डोळ्यात औषध घालण्यापूर्वी माझे काही प्रश्न आहेत. आणि त्यांना म्हणावं, खुर्चीत बसूनच उत्तरं द्यायची."

नर्सबाई निरोप घेऊन वर गेल्या. डॉक्टरांनी पाइप ताईच्या हातात दिला आणि हात पुसत जिन्याकडे निघाले.

"तू कुठं निघालास?" ताईनं विचारलं.

"ऐकायला," डॉक्टर म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत बाईंच्या आधी वर पोहोचले.